वरणात वाढवलेलं पाणी, नवऱ्याचा बीसीएएचा डबा आणि माझा सातवा महिना

तर्री_जास्त_द्या | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

एकोणतिसावा आठवडा सुरू आहे. नागपूरच्या महाल भागात राहतो, घरात सहा माणसं. परवाच्या सोनोग्राफीत बाळ आठवड्याच्या मानाने थोडं मागे आहे असं डॉक्टर म्हणाल्या. बाळाकडे जाणारा रक्तप्रवाह, पाणी, माझं बीपी सगळं ठीक. हिमोग्लोबिन १०.४. "घाबरू नका, तीन आठवड्यांनी परत बघू, तोवर प्रोटीन वाढवा," एवढं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक. बाहेर तीस-पस्तीस बाया बसलेल्या, त्यांचा तरी काय दोष.

या "प्रोटीन वाढवा"चे घरी येईपर्यंत तीन अर्थ झाले. सासूबाईंच्या मते दूध वाढवायचं. मेडिकलवाल्याच्या मते व्हॅनिला चवीची पावडर घ्यायची. आणि नवऱ्याने जिमच्या बॅगेतून स्वतःचा डबा काढून ओट्यावर ठेवला. त्यावर मोठ्या अक्षरात बीसीएए. म्हणतो, "प्रोटीन पचून शेवटी अमिनो ॲसिडच होतात ना? मग थेट तेच घे, पोटाला पचवायची कटकट नाही." मी कॉमर्सवाली, मला हे खोडता आलं नाही. खरं सांगायचं तर पटलंच.

श्रावण आहे, त्यामुळे अंडी-मटण पोळ्यापर्यंत बंद. एरवी अंडी खाते. रोजचं खाणं असं: दोन वेळा चहा, सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वरण-भात, रात्री दोन पोळ्या, एक ज्वारीची भाकर, पुन्हा वरण, झोपताना एक ग्लास दूध. उपाशी तर नक्कीच नाही. मग कमी काय पडून राहिलं?


कुलरवाली_काकू | सोमवार, रात्री ११:४१

अगं बाई, आधी अभिनंदन! माझी सून पण सातव्यात आहे, त्यामुळे धागा पकडून ठेवते. दूध वाढव हे काही चूक नाही गं. पण तो जिमचा डबा खाली ठेव आधी.


दंडबैठक | मंगळवार, सकाळी ६:०५

काकू, डबा खाली ठेव म्हणायला कारण लागतं. ताई, तुमचे मिस्टर शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहेत. बीसीएएमध्ये ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन असतात, तिन्ही अत्यावश्यक अमिनो ॲसिड, म्हणजे शरीराला बनवता येत नाहीत अशी. ल्युसिन तर वाढीचं बटणच आहे. मी चार वर्षं घेऊन राहिलो, एक साइड इफेक्ट नाही.


कुलरवाली_काकू | मंगळवार, सकाळी ६:३०

तू कितव्या महिन्यात होतास रे?


वाटी_चमचा | मंगळवार, सकाळी १०:१५

काकू 😄

मी आहारतज्ज्ञ आहे, नागपुरातच काम करते, रोज अशाच बाया बघते. तर्री, तुझं उत्तर देईन, पण आधी एक काम कर. तू दोन वेळा "वरण" लिहिलंस. वरण म्हणजे किती डाळ? सहा माणसांना कोरडी डाळ किती टाकतात ते आज वजनकाट्यावर मोज. आणि तुझ्या वाटीत जे येतं ते काचेच्या ग्लासात ओतून अर्धा तास हलवू नकोस. मग सांग.


इतवारी_भाव | मंगळवार, दुपारी १:१०

वाटी_चमचा ताई, हा प्रयोग आवडला. आमचा डाळीचा धंदा आहे. डाळ महाग झाली की गिऱ्हाईक डाळ सोडत नाही, पाणी वाढवतं. दुकानात बसून सगळं कळतं.


तर्री_जास्त_द्या | मंगळवार, रात्री १०:५०

मोजलं. वाचून कोणी हसू नका.

दोन वेळच्या स्वयंपाकाला प्रत्येकी एक वाटी तूरडाळ टाकतो, काट्यावर १४० ग्रॅम. आमच्याकडे पद्धत अशी की आधी सासरे, नवरा, दीर आणि पुतण्या जेवतात. त्यांना घट्ट वरण, वर तूप. मग गंजात जे उरतं त्यात गरम पाणी ओतून, लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन ते आम्हा दोघींना. चवीला ते फोडणीचं वरण मला जास्त आवडतं, म्हणून इतकी वर्षं कधी काही वाटलं नाही.

माझी वाटी ग्लासात ओतून खिडकीत ठेवली. अर्ध्या तासाने तळाला दोन बोटं डाळ, वर हळदीचं पिवळं पाणी, त्यात तरंगणारा एक कढीपत्ता. सासूबाई भांडी आवरत होत्या, त्यांनी विचारलं हे काय. मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण बराच वेळ ग्लासाकडे बघत होत्या.


वाटी_चमचा | बुधवार, सकाळी ११:३०

कोणी हसणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांत हेच निघतं, फक्त तुझ्यासारखं ग्लासात कोणी बघत नाही.

आता सावकाश वाच. तूरडाळीत साधारण २२ टक्के प्रथिन. १४० ग्रॅम डाळीत झालं ३१ ग्रॅम. सहा जणांत सारखं वाटलं असतं तरी प्रत्येकाला पाचच ग्रॅम. तुझ्या वाटीत माझ्या अंदाजाने तीन. दोन वेळचे मिळून सहा.

बाकीचं जोडू. चार पोळ्यांचे १२, पोह्यांचे ४, भाताचे ४, भाकरीचे ४, भाजीचे ३, चहातल्या दुधाचे ३, रात्रीच्या दुधाचे ६. वरणाचे ६ धरून सगळे ४२.

आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली शिफारशी नव्याने दिल्या. ५५ किलोच्या साध्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम. गर्भारपणाच्या मधल्या तिमाहीत त्यावर साडेनऊ ग्रॅम आणि शेवटच्या तिमाहीत २२ ग्रॅम. म्हणजे आत्ता तुला ६८च्या आसपास हवेत. पहिल्या तिमाहीत जास्तीचे जवळजवळ नाहीतच आणि शेवटी एकदम २२ का? कारण बाळ, वार (प्लॅसेंटा), गर्भाशय, तुझं वाढलेलं रक्त मिळून पूर्ण गर्भारपणात शरीरात साधारण ९०० ग्रॅम प्रथिन नव्याने साठतं, आणि त्यातलं बहुतेक शेवटच्या महिन्यांत.

हा झाला वजनाचा हिशोब. पण खरी गंमत त्याच्या आत आहे. तुझ्या ४२ मधले २४ गहू, तांदूळ, ज्वारीतून येतात. प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो ॲसिडच्या मण्यांची माळ. त्यातले नऊ मणी बाहेरूनच यावे लागतात. धान्यात त्या नऊपैकी लायसिन कमी. शरीराला दर ग्रॅम प्रथिनामागे ४५ मिलिग्रॅम लायसिन लागतं असं धरतात. गव्हात ते २७च्या आसपास, तांदळात ३५, आणि आपल्या लाडक्या ज्वारीत जेमतेम २०-२२. त्यात ज्वारीचं प्रथिन पाण्यात शिजल्यावर आणखी अवघड पचतं. डाळीत लायसिन ६५ ते ७०. डाळीत मग मेथिओनिन कमी पडतं, ते धान्यात असतं.

म्हणून भाकर-वरण ही जोडी. पण जोडी तेव्हाच, जेव्हा वरणात डाळ असते! तुझ्या ताटात भाकर आहे आणि भाकरीचं लायसिन भरून काढायला आलेलं वरण तळाला दोन बोटं. एक मणी संपला की माळ तिथेच थांबते, बाकीचे मणी शरीर जाळून टाकतं.

आणि हो, दोन्ही एकाच घासात हवेत असं अजिबात नाही. दिवसभरात जुळलं तरी चालतं.


पुण्यात_अडकलेला | बुधवार, दुपारी १२:०५

मूळचा धरमपेठचा, नोकरीपायी पुण्यात. ताई, हे मण्यांचं पहिल्यांदा कळलं. आम्ही समजत होतो भाकर म्हणजे ताकद.


वाटी_चमचा | बुधवार, दुपारी १२:२०

भाकर ताकदच आहे. आयसीएमआर प्रथिनांबरोबर दिवसाला ३५० कॅलरी जास्तीच्या सांगते, त्या भाकर-भातातूनच येणार. त्या कमी पडल्या तर डाळीतलं प्रथिन शरीर सरपण म्हणून वापरतं. त्यामुळे कोणी आता "कार्ब बंद" करू नका.


दंडबैठक | बुधवार, दुपारी २:४०

सगळं मान्य. पण मग माझा मुद्दा अजून पक्का होतो ना? मणी कमी पडतात तर थेट मणीच द्या.


वाटी_चमचा | बुधवार, संध्याकाळी ७:००

दादा, चांगला प्रश्न. तुझ्या डब्यात मणी तीनच प्रकारचे. लायसिन नाही, मेथिओनिन नाही, ट्रिप्टोफॅन नाही. कमी पडतंय ते लायसिन आणि डब्यात ल्युसिन. तिखट संपलं म्हणून दुकानात गेलास आणि हळदीचा पुडा घेऊन आलास, तशातली गोष्ट.

दुसरं. वार म्हणजे नुसती चाळणी नव्हे. बाळाच्या रक्तात अमिनो ॲसिडचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षा जास्त असतं. उताराच्या उलट दिशेने, ऊर्जा खर्चून वार एकेक अमिनो ॲसिड आत ओढते. त्यासाठी तिच्या अंगावर वेगवेगळी दारं आहेत आणि एका दारातून अनेक जण जातात. ल्युसिन, व्हॅलिन, फेनिलॲलॅनिन, ट्रिप्टोफॅन यांचं मोठं दार एकच. आता मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारीच्या गल्लीतून स्कूटर काढून बघ. तीन जणांची झुंड दारात घुसली की चौथा बाहेरच राहतो. ल्युसिन वाढीचं बटण आहे हे खरं, वारेतही ते काम करतं, पण बटण दाबून विटा येत नाहीत.

तर्री, मिस्टरांना सांग, रागावू नका, डबा त्यांच्या दंडांसाठी ठीक आहे.


दंडबैठक | बुधवार, संध्याकाळी ७:३२

मारबतीचं उदाहरण देऊन माणसाला गप्प करणं हे फक्त नागपुरात होऊ शकतं. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, आणि माझा डबा पण. 🙏


कुलरवाली_काकू | बुधवार, रात्री ९:१५

माझ्या सुनेच्या डॉक्टरांनी आर्जिनिनचे सॅशे दिलेत, पाण्यात घालून प्यायचे. ते पण अमिनो ॲसिडच म्हणे. मग ते कसं चालतं आणि हे कसं नाही?


वाटी_चमचा | गुरुवार, सकाळी ९:४०

काकू, ते औषध म्हणून दिलंय, तपासून. आर्जिनिनपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं, त्याने रक्तवाहिन्या सैल पडतात, वारेकडे रक्त नीट जातं, ही त्यामागची कल्पना. मेक्सिकोत बीपीचा धोका जास्त असलेल्या गर्भवतींना आर्जिनिन आणि काही जीवनसत्त्वं घातलेल्या वड्या देऊन बघितल्या होत्या, निकाल २०११ साली आला. त्या वड्या खाणाऱ्यांत प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गर्भारपणात बीपी चढून होणारा आजार, कमी दिसला. नुसती जीवनसत्त्वं घेणाऱ्यांत तेवढा फरक नव्हता. म्हणून काही डॉक्टर देतात. पण कोणाला, किती, कधीपर्यंत हे डॉक्टरांनी ठरवायचं. सुनेचे सॅशे तर्रीने प्यायचे नाहीत.

ताटातलं आर्जिनिन हवं असेल तर शेंगदाणे. भरपूर असतं.


सासू_मीच | गुरुवार, सकाळी ११:०२

मी गप्प वाचून राहिले होते. तर्री बाळा, तुझ्या सासूबाई ग्लासाकडे बघत राहिल्या म्हणालीस ना, ते वाचून मला माझं आठवलं. माझी तीन बाळंतपणं झाली, तिन्ही वेळा मी शेवटच्या पंगतीला. आमच्या सासूबाई म्हणायच्या पहिलटकरणीने जास्त खाल्लं तर मूल मोठं होतं आणि अडतं. त्यांनाही कोणी तेच सांगितलं असेल.

असो. डिंकाचे लाडू कर, त्यात ताकद असते. आणि पोळ्याच्या करीला पाया सूप.


वाटी_चमचा | गुरुवार, दुपारी १२:१५

काकू, मूल अडण्याच्या भीतीने आईला अर्धपोटी ठेवणं आजही चालू आहे, तुम्ही बोललात ते बरं केलं.

डिंकाबद्दल मात्र तुमचं मन मोडते. डिंक हा झाडाचा चीक, तो जवळजवळ सगळा पिष्टमय तंतूच. लाडवात ताकद असते ती खोबरं, खारीक, तूप, बदाम आणि गुळाची. डिंकाऐवजी भाजलेल्या डाळ्याचं पीठ आणि शेंगदाण्याचं कूट वाढवा, लाडू तोच, प्रथिन दुप्पट.

पाया सूप मजेशीर आहे. हाडं-कातडीतलं प्रथिन म्हणजे कोलॅजन, त्यात दर तिसरा मणी ग्लायसिन. ग्लायसिन शरीर स्वतः बनवतं, म्हणून ते नऊमध्ये नाही, पण शेवटच्या महिन्यांत बाळाची हाडं, कातडी, रक्त बनताना मागणी इतकी वाढते की घरचं उत्पादन अपुरं पडू शकतं, असं अभ्यासक म्हणतात. तेव्हा पाया वाईट नाही. पण कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन शून्य! नुसत्या पायाच्या भरवशावर राहिलात तर माळ पुन्हा अडते. पाया खा, बरोबर वरण-भात खा. आणि सावजीच्या तिखटात करू नका, सातव्या महिन्यात जळजळ आधीच पुरेशी असते.


तर्री_जास्त_द्या | गुरुवार, दुपारी १:३०

जळजळीचं बोलू नका, माझं नाव बघा 😭


झाडीपट्टी | गुरुवार, रात्री ८:५०

मी गडचिरोली जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे, माहेर नागपूर. आमच्याकडे भाताचं राज्य. भातात लायसिन ज्वारीपेक्षा बरं, पण प्रथिनच मुळात कमी, आठ टक्के असेल. सरकारच्या अमृत आहार योजनेत गर्भवतीला अंगणवाडीत एक वेळ पूर्ण गरम जेवण मिळतं. त्यात डाळ असते, शेंगदाण्याचा लाडू असतो, अंडं किंवा केळं असतं. २०१५ पासून चालू आहे, आदिवासी भागात.

आणि एक सांगते. जेवण अंगणवाडीत बसून खायचं असं काहून ठेवलं? डबा घरी नेला की तो घरात वाटला जातो. तिच्या वाटणीला काय उरतं ते तुम्ही ग्लासात बघितलंच.


इतवारी_भाव | गुरुवार, रात्री १०:२०

ताई, तुमच्याकडे लाखोळी अजून खातात का हो? आमच्याकडे काही जुनी गिऱ्हाइकं मुद्दाम मागतात, वडे-भज्यांना. तीही डाळच, प्रथिन तर तुरीपेक्षा जास्त. स्वस्त. गर्भवतीला चालेल का असं परवाच एकाने विचारलं, मी नाही म्हणालो, पण काहून नाही ते मला सांगता आलं नाही.


वाटी_चमचा | शुक्रवार, सकाळी १०:००

बरोबर सांगितलंत. ह्या धाग्याचा विषयच अमिनो ॲसिड, आणि लाखोळीची अडचणही अमिनो ॲसिडचीच! तिच्यात ओडॅप नावाचं एक अमिनो ॲसिड असतं, प्रथिनाच्या माळेत न बसणारं, आणि मज्जापेशींना विषारी. महिनोनमहिने दुसरं काही न खाता लाखोळीच खाल्ली की पायांतली ताकद जाते, लॅथिरिझम म्हणतात त्याला. दुष्काळात असं व्हायचं, कारण पाऊस नसला तरी येणारं पीक हेच. १९६१ साली विक्रीवर बंदी आली, पुढे महाराष्ट्राने ती उठवली. आपल्या नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी बंदी उठावी म्हणून किती उपोषणं केली ते जुन्या लोकांना आठवत असेल. भरपूर पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून शिजवली की ओडॅप बरंच उतरतं, आणि कमी ओडॅपच्या नव्या जातीही निघाल्यात. चार भजी खाल्ली म्हणून कोणाचे पाय जात नाहीत. पण तूर, मूग, हरभरा, बरबटी समोर असताना गर्भारपणात तिच्या वाटेला जायचं कारण नाही.


पुण्यात_अडकलेला | शुक्रवार, दुपारी ३:१५

पुण्यात राहण्याचा एक फायदा सांगू द्या. इथल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गर्भवतींचा अभ्यास केला. बायको त्याच विषयात काम करते, त्यामुळे घरात रोज ऐकतो. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन. आपली बाळं बारीक, पण त्यांच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने शाबूत, कमी पडले ते स्नायू. बारीक दिसणारं लठ्ठ बाळ! आणि ज्या आयांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, दूध, फळं जास्त वेळा होती त्यांची बाळं आकाराने बरी निघाली.

दुसरं म्हणजे बी-१२. बायको म्हणते हे लिहाच. मेथिओनिन वापरलं गेलं की त्याचं होमोसिस्टीन होतं, आणि होमोसिस्टीनचं परत मेथिओनिन करायला फोलेट आणि बी-१२ दोन्ही लागतात. फोलिक ॲसिडची गोळी सगळ्यांना मिळते. बी-१२ शाकाहारी ताटात दूध-दह्यातून येईल तेवढंच. त्या अभ्यासात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी असलेल्या आयांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्यात इन्सुलिनला न जुमानणं जास्त दिसलं.


वाटी_चमचा | शुक्रवार, दुपारी ४:००

वहिनींना सलाम. तर्री, पुढच्या वेळी डॉक्टरांना बी-१२ तपासायचं का एवढं विचार. फोलिकची गोळी मात्र मनाने बंद करू नकोस, असं वाचून करणारे आहेत.


नवखी_२६ | शनिवार, सकाळी ८:२०

मला लघवीत प्रोटीन जातंय असं रिपोर्टमध्ये आलंय. मी पण डाळ वाढवू का, जेवढं जातं तेवढं भरून निघेल?


वाटी_चमचा | शनिवार, सकाळी ८:३५

नवखी, थांब. ते खाण्याचं प्रोटीन नव्हे आणि डाळ वाढवून ते थांबत नाही. विसाव्या आठवड्यानंतर लघवीत प्रोटीन आणि त्याबरोबर बीपी वाढलेलं, डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, हात-तोंड सुजणं, पोटात वर दुखणं यातलं काहीही असेल तर आजच, आत्ताच डॉक्टर. मेडिकल कॉलेज, मेयो, डागा, जे रुग्णालय जवळ असेल ते. इथे वाट बघत बसू नकोस.


नवखी_२६ | शनिवार, दुपारी ४:५०

जाऊन आले. बीपी ठीक निघालं, इन्फेक्शन आहे म्हणाले, औषध दिलंय आणि पुन्हा तपासायला बोलावलंय. थँक्यू ताई.


तर्री_जास्त_द्या | शनिवार, रात्री १०:१०

हुश्श! वाचून माझाच जीव वर गेला होता.

आता माझं सांगा. कमी पडणारे २६ ग्रॅम कुठून आणू? आणि ती व्हॅनिला पावडर घ्यायची की नाही?


वाटी_चमचा | रविवार, सकाळी ११:४५

तुझ्यापुरती घट्ट डाळ दोन्ही वेळा, कोरडी ३० ग्रॅम. म्हणजे एका वेळेला तीनऐवजी साडेसहा, तिथेच सात मिळाले. संध्याकाळी एक मूठ फुटाणे किंवा शेंगदाणे, सात. दुपारी वाटीभर दही, साडेचार-पाच. आणि सोयाबीनच्या वड्या २० ग्रॅम, गरम पाण्यात भिजवून, पिळून, भाजीत किंवा पोह्यात, दहा. झालं की. सोयाबीन नको त्या दिवशी पनीर ५० ग्रॅम. पोह्यांवर तर्री तुझीच राहू दे, फक्त रश्शापेक्षा चणे जास्त मागायचे. पोळा झाला की रोज एक-दोन अंडी, एकेकात सहा-सात ग्रॅम, नऊच्या नऊ मणी हिशोबात. सांभारवडीत सांभार (कोथिंबीर) कितीही घाल, ती डाळीच्या पिठासाठी खा.

पावडर विष नाही. उलट्या थांबत नसतील, जेवण जातच नसेल तर मी स्वतः देते. पण डब्याच्या मागे बघ, काहींमध्ये साखरच प्रथिनांपेक्षा जास्त असते. आणि "जितकं जास्त तितकं चांगलं" इथे चालत नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये गरीब गर्भवतींना प्रथिनांचा भारी डोस देणारं पेय देऊन पाहिलं होतं, १९८० साली निकाल आले. त्या गटात फार लवकर झालेली बाळंतपणं आणि बाळांचे मृत्यू जास्त निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय, कुपोषित भागात संतुलित ऊर्जा-प्रथिन आहार द्या, जास्त प्रथिनांची पूरकं देऊ नका. डाळ, दही, अंड्याने तू त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाहीस. डबे घोळून प्यायला लागलं की माणूस त्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतो.

आणि एक लक्षात ठेव. बाळ मागे असण्याची कारणं अनेक, वारेचं काम, रक्तक्षय, कधी नुसता तारखेचा घोळ. हिमोग्लोबिन १०.४ आहे, लोहाची गोळी चुकवू नकोस, चहाबरोबर तर मुळीच नको. तीन आठवड्यांची सोनोग्राफी ठरल्याप्रमाणे करायचीच.


सासू_मीच | रविवार, दुपारी १२:३०

नऊच्या नऊ मणी. हे मी आज मंदिरात भजनी मंडळात सांगणार.


तर्री_जास्त_द्या | मारबतीचा दिवस, रात्री ९:३०

अपडेट. आज घरी कर, मटण झालं. नवरा मारबत बघायला नेहरू पुतळ्यापर्यंत जाऊन घामाघूम परत आला आणि म्हणतो तुमच्या त्या ताईंचं उदाहरण आज अंगावर कळलं, अर्धा तास चप्पल शोधत होतो.

पण सांगायचं वेगळंच होतं. त्या ग्लासाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी डाळीची वाटी दीड केली. काही न बोलता. डाळ शिजल्यावर पंगत बसायच्या आधी दोन वाट्या घट्ट वरण वेगळं काढून फडताळात झाकून ठेवलं. मी म्हटलं, आई, दोन कशाला, मला एक पुरे. तर म्हणाल्या, "दुसरी माझी आहे." त्या एकसष्ट वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, पायऱ्या चढताना कठडा धरतात. तेहतीस वर्षं त्या घरात फोडणीचंच वरण खाऊन राहिल्या. माझ्या डोक्यात इतक्या दिवसांत हे आलंच नव्हतं. मी फक्त माझी वाटी ओतून बघितली होती.


वाटी_चमचा | त्याच रात्री १०:०५

त्या दुसऱ्या वाटीचं मी पण विचारलं नव्हतं. उतारवयात स्नायू टिकवायलाही हेच मणी लागतात. त्यांचं बी-१२ आणि डी पण तपासून घ्या.


तर्री_जास्त_द्या | दहा दिवसांनी, संध्याकाळी ६:४०

आज सोनोग्राफी झाली. बाळ वाढलंय, आपल्या रेषेत आलंय म्हणाल्या. माझं वजनही दीड किलो वाढलं. वरणामुळे का, असं विचारलं तर डॉक्टर हसल्या, म्हणाल्या मागच्या वेळच्या मापात थोडा फरक असू शकतो, पण वरण चालू ठेवा. बी-१२ कमी निघालं, माझं आणि सासूबाईंचं, दोघींचं. औषध सुरू झालंय.


कुलरवाली_काकू | संध्याकाळी ६:४४

देवा! पेढे कुठे आहेत?


इतवारी_भाव | संध्याकाळी ७:२०

अभिनंदन ताई. दीड वाटी डाळ म्हणजे महिन्याला किलोच्या हिशोबात वाढ झाली, दुकानाचा पत्ता व्यनि (खासगी निरोप) करू का? 😄 आणि वर कोणी विचारलं नाही तरी सांगून ठेवतो, तुरीत लाखोळी मिसळलेली असेल तर निवडताना दिसते. तुरीचा दाणा गोल असतो, लाखोळीचा पाचरीसारखा, एका बाजूने तिरपा कापल्यासारखा.


तर्री_जास्त_द्या | संध्याकाळी ७:३१

व्यनि करा. सासूबाई विचारून राहिल्या, हिरव्या तुरीच्या शेंगा बाजारात कधी येतील? सोलेभात करायचा म्हणतात, बाळंतपणानंतर. दोन वाट्या काढून ठेवून.